पोळा सरला की शिंका

शिंकणाऱ्या माणसाची कुणाला दया येत नाही. ताप आला तर लोक कपाळाला हात लावून बघतात, पाय मोडला तर केळी घेऊन भेटायला येतात. शिंकणाऱ्याला फार तर 'तिकडं तोंड कर' म्हणतात. पोळा सरला की दिवाळी उलटेपर्यंत, अशी ओळीनं तीन वर्षं मी शिंकले, आणि त्या तीन वर्षांत 'बस जरा' म्हणणारे एकटे बाबा निघाले. त्यांनी मला बसवलं आणि तेच मला भोवलं. कसं, ते सांगते.

आमचं गाव पुलगावपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. तीन एकरांची भाजीची वाडी, विहिरीवर इंजिन आणि राबायला आम्ही तिघं : बाबा, माय आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. वाडीत वांगी, मेथी, मुळे, चवळीच्या शेंगा, आणि सगळ्यात जास्त सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईकडच्यांनी त्यात डाळ शोधू नये. पहाटे भाजीची बांबूची डाली भरायची, गाडीवर चढवायची आणि कापडाच्या गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत बाबांनी बाजार गाठायचा, असा आमचा रोजचा क्रम होता.

सांबाराची जात नाजूक. तासाभरात मान टाकतो. म्हणून डाल्याच्या बुडाला, मध्ये मध्ये आणि वरून हिरवा पाला घालून त्यावर पाणी शिंपडावं लागे. आधी आम्ही निंबाचा पाला घालत असू, पण त्याचा कडवट वास भाजीला लागायचा. पळसाची पानं दुपारपर्यंत वाळून चुरा व्हायची. आणि बाजारातल्या मोकाट गाई कुठलाही पाला दिसला की डाल्यात तोंड घालायच्या आणि पाल्याबरोबर सांबारही ओढून न्यायच्या. यावर बाबांनी तोड काढली. रेल्वेच्या रुळांच्या कडेनं तेव्हा नवीनच एक गवत माजू लागलं होतं. पानं गाजरासारखी, पावसाळा सरता सरता वर बारीक पांढरी फुलं. बाहेरच्या गव्हाबरोबर आगगाडीतून आलं, असं लोक म्हणत. त्याला गाय तोंड लावत नाही, बकरी लावत नाही, दिवसभर ते हिरवंगार राहतं आणि कुणाच्या बापाचं नाही, कितीही कापा. बाबांनी गाजरगवत डाल्यात घालायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत पुलगावच्या बाजारातल्या अर्ध्या भाजीवाल्यांनी तेच केलं. बाबा चौथी शिकलेले. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्यानं काढलेली आणि लोकांनी उचललेली ही एकच गोष्ट. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

आज शेंबडं पोरसुद्धा सांगेल की गाजरगवतानं माणूस शिंकतो, खाजवतो, त्याला दम लागतो. तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

मी नववीत असताना शिंका सुरू झाल्या. सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस. नाकाचा नळ चालू, टाळूला आतून खाज, अशी की जीभ मागं वळवून टाळू घासत बसावं. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. शाळेत बाई विचारायच्या, घरी कोणी मारलं का? मुली माझ्या बाकावर बसेनात. एक वर्गभगिनी तर माझ्या शिंका मोजून वहीत लिहायची आणि सुटी झाली की आकडा जाहीर करायची. तिचं पुढं फार चांगलं झालं असं ऐकते.

घरी वेगळाच घोळ. आमच्याकडे कुणी घराबाहेर निघताना शिंक आली की निघणाऱ्यानं मागं फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. एक शिंक वाईट, दोन आल्या तर चालतं. आता पहाटे बाबा गाडी जुंपून निघणार आणि मी ओसरीत शिंकणार. बाबा परत येऊन बसत. पुन्हा उठत, मी पुन्हा शिंके. शेवटी ते दारातूनच विचारू लागले, "किती झाल्या वं?" मी म्हणे, "पाच." मग ते चाक धरून उभे राहत. सहावी येण्याची वाट बघत. सम आकडा झाला की बैलांना हाक देत. माय हसायची. मलाही हसू यायचं, पहिल्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी हसू आलं नाही. दहावीचं वर्ष होतं आणि पहिलं अख्खं सत्र मी नाक धरून काढलं. फळ्यावरची अक्षरं पाण्यातून दिसावीत तशी दिसायची. इंग्रजीच्या बाई चांगल्या शिकवायच्या, पण कान गच्च झालेले. मार्चमध्ये सगळ्या विषयांत पास झाले आणि इंग्रजीत पाच मार्कांनी गेले.

मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यात थोर असं काही नव्हतं. शाळेतल्या बाई घडी न मोडलेलं लुगडं नेसून, हातात फक्त एक पुस्तक घेऊन चालत यायच्या. डोक्यावर डालं नाही, नखांत माती नाही. मला तसं चालायचं होतं. मॅट्रिक झाल्यावर डी.एड. करता येत होतं आणि वर्ध्याला मुलींची राहायची सोय होती. बाबा तयार होते, पण आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या पुढं किती दिवस तयार राहणार? शेवटी माय आणि बाबांनी मला बसवून सांगितलं.

"आक्टोबरले पेपर दे," बाबा म्हणाले. "पास झाली तं डी.एड. कर, मी कोनाचं आयकत नाई. नाई झाली तं दिवाई सरली का, तुयशीच्या लग्नानंतर तुहं. कारंज्याचं स्थळ थांबून हाय."

"एकच पेपर हाय बाबा. काढतो मी."

"काढजो," बाबा म्हणाले.

उन्हाळाभर मी इंग्रजी केलं. खरंच केलं. शाळेतल्या बाईंनी जुने पेपर दिले, पत्रं आणि निबंध तपासून दिले. उन्हाळ्यात माझं नाक एखाद्या सज्जन माणसासारखं वागायचं. वाडीतल्या आंब्याखाली बसून मी मोठ्यानं वाचे आणि बैल कान हलवत. पोळ्याच्या दिवशी बाईंनी माझा सराव पेपर तपासून दिला. त्यावर लाल शाईनं बाहत्तर होते. मला वाटलं, झालं, आता कोण अडवतंय!

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी पहिली शिंक आली.

त्या वर्षीचं काय सांगू! आधीच्या दोन वर्षांचं ते मोठं भावंडच निघालं. रात्री पडून श्वास घेता येईना, भिंतीला टेकून बसायचं. पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओळीला डोळ्यातून पाणी, चौथ्या ओळीला शिंक, आणि शिंकून झाल्यावर आपण कुठं होतो ते आठवायचं नाही. परीक्षेला सहा आठवडे उरले होते. मी रडायचेही, पण रडण्याचं आणि नाकाचं पाणी एकच झाल्यामुळं ते कुणाला कळायचं नाही.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडे रोगापेक्षा उपाय सांगणारे जास्त. मायनं तुळशी-आल्याचा काढा दिला, मग ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला दिली. हळकुंड जाळून त्याचा धूर नाकात घेतला, त्यानं शिंका थांबल्या नाहीत, फक्त पिवळ्या झाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, गाईचं तूप कोमट करून नाकात सोड. सोडलं. त्यांच्या सुनेनं सांगितलं, तूप नाही, मोहरीचं तेल. तेही सोडलं, त्या दिवशी मी सासुरवाशिणीसारखी दिवसभर डोळे पुसत होते. गावातले एक तपकीर ओढणारे गृहस्थ मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "शिंका याच्याच हाये तं आपन आनू ना. एकदाच निंघून जातीन." मी त्यांची चिमूटभर तपकीर ओढली. एकदाच काही निघालं नाही. आत्यानं लिंबू-मिरचीचा उतारा टाकला. वैदूनं मुळी दंडाला बांधली. आर्वीहून कुणी साखरेच्या बारीक गोळ्या आणल्या, त्या निदान गोड होत्या.

एक उपाय लागू पडला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. मायनं सांगितलं होतं, बाहेर जाताना तोंडाला ओलं फडकं बांध. मी बांधलं आणि बाईंना निबंध दाखवायला शाळेत गेले, तर वाटेत जेमतेम चार शिंका आल्या. पण वाटेत गिरणीकडं सायकलींवर निघालेले कामगार 'डाकू आली, डाकू आली' करून ओरडले. सोळा वर्षांच्या पोरीला शिंका परवडतात, हसू परवडत नाही. दुसऱ्या दिवशी मी फडकं दप्तरातच ठेवलं. आज स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या वाटतात.

आणि मग बाबांना माझी दया आली.

ते एकदा दुपारी वाडीतून आले. मी मेथी खुडताना शिंकून शिंकून खाली बसले होते आणि मायनं मला घरी पाठवलं होतं. बाबा माझ्यापुढं उकिडवे बसले, मला बघत राहिले. मग म्हणाले, "आजपासून तू वावरात येऊ नोको, पोरी. धूयमाती नोको तुले. घरीच राह्य. अभ्यास कर, अन् बसल्या बसल्या सकायचे डाले भरून देत जाजो. सावलीतलं काम हाय."

त्यांनी मायलाही तंबी दिली की पोरीला उन्हात पाठवायचं नाही. इतका विचार माझा कोणी केला नव्हता. मला भरून आलं.

सावलीतलं काम असं होतं : संध्याकाळी बाबा रुळांकडून गाजरगवताचे दोन भारे आणत. ते ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली ठेवत, म्हणजे रात्रभर ताजे राहतील. बाजूलाच माझी चटई, कंदील आणि पुस्तकं. घरात ओसरीइतकी थंड जागा दुसरी नव्हती. पहाटे उठून मी मूठमूठ गवत घेई, किडामुंगी पडावी म्हणून मांडीवर दोनदा झटके, आणि डाल्यात थर लावे. गवत, सांबाराच्या जुड्या, गवत, जुड्या. झटकताना पांढरी भुकटी माझ्या ओच्यात पडायची. ती झाडून टाकायची आणि पुढची मूठ घ्यायची. डाली गेली की त्याच जागेवर बसून मी इंग्रजी वाचायचे. दिवसभर.

घरात राहूनही पोरीला उतार नाही, म्हटल्यावर माय घाबरली. हे साधं नाही, कुणाची तरी नजर आहे, असं ठरलं. तेव्हा आम्ही गिरडला गेलो. टेकडीवरच्या दर्ग्याला आमच्या भागातली सगळीच माणसं जातात, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. एसटी बदलत बदलत पोचलो, टेकडी चढलो, चादर चढवली आणि दोन रात्री तिथंच राहिलो. आणि पहिल्या दुपारपासून माझ्या शिंका थांबल्या. पूर्ण थांबल्या. दोन्ही नाकपुड्यांतून वारा आत जातोय, हे मला इतकं नवीन होतं की मी नुसती श्वास घेत बसले होते. खालच्या शेतांकडं बघत मी बाबांना इंग्रजी पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाबांना एक शब्द कळला नाही, पण शेवटी त्यांनी मान डोलावली. माय पदर पसरून रडली. आम्हाला तिघांनाही वाटलं, सुटलो.

घरी आलो त्या संध्याकाळी बाबांनी मोठ्या आनंदानं दोन भारे आणले. पहाटे माझ्या एकतीस शिंका झाल्या. मायला वाटलं, आपलंच काही चुकलं, मन साफ नव्हतं. तिनं पाच गुरुवार उपास धरले. मी मात्र त्या दिवसापासून आशा सोडली. हवा मोकळी मिळाली म्हणून बरं वाटलं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी साधी गोष्ट होती.

शेवटचा उपाय पुलगावच्या एका कंपाउंडरनं दिला. बारीक पिवळ्या गोळ्या. "शिंक बंद म्हंजे बंद," तो म्हणाला, "पन झोप येते. अर्धीच घेजो." मी घरी अर्धी घेऊन पाहिली. खरंच शिंका थांबल्या, डोकं जरा जड झालं, पण वाचता आलं. परीक्षेच्या दिवशी अर्धी घ्यायची, हे ठरलं. मला इतकी हुशारी वाटली की मी गोळीचे दोन तुकडे आदल्या दिवशीच करून कागदात बांधून ठेवले.

पेपर वर्ध्याला होता. पुलगावहून सकाळची पॅसेंजर धरायची. पहाटे मी डाली भरली नाहीत, मायनं भरली. पण भरली ओसरीतच, माझ्या समोर. मी न्हाऊन, वेणी घालून, अर्धी गोळी घेऊन तयार. देवापुढं उभी राहिले, बाबांच्या पाया पडले, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि शिंकले. एक.

आम्ही थांबलो. दुसरी येईना. आत आले, बसले, पाणी प्याले, उठले. उंबऱ्यावर पुन्हा शिंक. मग दुसरी, मग तिसरी. बाबा गाडीचा दांडा धरून उभे, मान खाली घालून, चौथीची वाट बघत. चौथी आली आणि तिच्यामागोमाग पाचवी. रोजच्या बाजाराला हे चालत होतं. या कामाला निघताना विषम आकड्यावर निघायची कुणाची छाती होईना. माझीसुद्धा नाही. मॅट्रिकची परीक्षा देणारी मुलगी, मला तरी हसायला हवं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून सहाव्या शिंकेसाठी देवाला हात जोडले.

"गाडी जाईन," बाबा म्हणाले.

माय आत धावली. कागदातला उरलेला तुकडा आणि आणखी एक अख्खी गोळी दुधात चुरून घेऊन आली. "हे घे. एकदाची बंद तं होईन. अशी शिंकत शिंकत पेपराले जाशीन काय?" मी प्याले. मला कंपाउंडरचं बोलणं आठवत होतं, तरी मी प्याले, कारण त्या क्षणी मला पेपराची भीती नव्हती, शिंकेची होती.

दहा मिनिटांत नाक कोरडं झालं. आम्ही निघालो. पॅसेंजर मिळाली. बाबा सबंध वाटभर खुशीत होते.

पेपर हातात आला तो मला अजून दिसतो. पहिला उतारा वाचला, प्रश्न वाचले, सगळे येत होते. पुढं पत्र होतं, गिरडच्या टेकडीवर बाबांना म्हणून दाखवलं होतं तेच, आजारी मैत्रिणीला लिहिलेलं. मी निबंध बघितला, 'माझा आवडता ऋतू'. मला आठवतं, मनात आलं की पावसाळा सोडून काहीही लिहीन. मग उताऱ्याचं पहिलं उत्तर लिहिलं. अक्षरं खाली उतरायला लागली. मी त्यांना वर ओढलं. डोकं जरा हातावर टेकलं, फक्त दुसरं उत्तर आठवण्यापुरतं.

वर्गावरच्या बाईंनी खांदा हलवला तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. त्यांनी आधीही दोनदा उठवलं होतं म्हणे. गालाखालचा कागद ओला होता. मी पत्र लिहायला घेतलं आणि मैत्रिणीचा पत्ता पूर्ण व्हायच्या आत घंटा झाली.

बाहेर बाबा निंबाखाली उभे होते. "कसा गेला?" मी म्हटलं, "बरा." त्यांनी विचारलं, "शिंका?" मी म्हटलं, "एकपन नाई आली." बाबांच्या तोंडावर जे समाधान आलं, ते बघून मी स्टेशनपर्यंत त्यांच्या मागून चालत राहिले.

निकाल यायच्या आधीच मी कारंज्याच्या स्थळाला होकार कळवला. मी झोपले होते हे कुणाला सांगितलं नाही. इतके उपाय करून, दर्ग्यावर जाऊन, उपास धरून शेवटी पोरगी पेपरात झोपली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मायला तर अजिबात नाही. दूध तिनंच दिलं होतं. नापास झाले म्हटलं, ते पुरलं.

नवरा पंचायत समितीत कारकून. माणूस वाईट नाही. घर हमरस्त्याला लागून, दिवसरात्र ट्रक, ढाब्यांचा धूर, धूळ. आणि पहिली दोन वर्षं मी तिथं धडधाकट होते. पोळ्याला माहेरी आले की पुन्हा शिंका. सासू म्हणायची, "हिले माहेर मानवत नाई." गमतीत म्हणायची. मला ते लागायचं. पुढं हळूहळू मी पोळ्याला जायचं बंद केलं, मग दिवाळीलाही. बाबा विचारायचे, काऊन येत नाई? काय सांगणार!

मग ते गवत रस्त्याच्या कडेनं कारंज्यालाही आलं. लग्नाला दहा-बारा वर्षं होता होता शिंकांबरोबर दम लागू लागला; पाण्याचा हंडा घेऊन चार पायऱ्या चढवेनात. नवऱ्यानं मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच. तिनं औषध लिहायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कुठल्या महिन्यात होतं? घरी काय पिकतं? तुम्ही स्वतः काय काम करत होता? मी डाली भरण्याचं सांगितलं. ती लिहायची थांबली. खिडकीबाहेर हात घालून तिनं गाजरगवताची एक डहाळी तोडली आणि माझ्यापुढं धरली.

"हे भरायचा?"

मी हो म्हटलं. तिनं समजावून सांगितलं, अगदी नीट, चित्र काढून. मी ऐकत होते. मला तिची घडी न मोडलेली साडी दिसत होती, पांढऱ्या कोटाच्या खिशाला लावलेला पेन दिसत होता. औषधाची चिठ्ठी घेऊन मी बाहेर बाकावर बसले आणि मला उठता येईना. नवऱ्याला वाटलं दम लागला.

बाबांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्या हिवाळ्यात माहेरी गेले तेव्हा त्यांची मान बघितली. म्हशीच्या खांद्यासारखी जाड आणि काळी झालेली. पापण्या सुजून डोळे बारीक, कोपराच्या आत चिरा. उन्हानं झालंय, असं सगळं गाव म्हणत होतं आणि ते गंधक-खोबरेल चोळत होते. ओसरीत ओल्या पोत्याखाली दोन भारे होते. मग गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी त्यांना डॉक्टरणीनं सांगितलं तसं सगळं सांगितलं, फक्त चित्र काढलं नाही.

बाबा बराच वेळ मान खाजवत होते. मग हात आपोआप थांबला.

"म्हंजे मी तुले वावरातून उचललं अन् त्याच्यातच नेऊन बसवलं," ते म्हणाले.

"तुमाले काय मालूम होतं, बाबा?"

"सावलीतलं काम म्हनून."

"जाऊ द्या ना आता," माय मधेच म्हणाली.

बाबा उठले, भाऱ्यापाशी गेले, परत आले. माझ्यापुढं उकिडवे बसले. म्हातारे झाले होते. मला कधी नाही ते त्यांच्या नजरेची भीती वाटली.

"एक सांग," ते म्हणाले. "खरं सांगजो. हे गवत नसतं तं तू पास झाली असती काय?"

माय माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "नाई बाबा. माहं इंग्रजी पयल्यापासून कच्चंच होतं."

"मंग ठीक," बाबा म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. ते मायला म्हणाले, चहा मांड.

त्यांनी इतक्या पटकन विश्वास ठेवला, याचा मला जो राग आला तो अजून गेला नाही. खोटं मीच बोलले, त्यांच्यासाठी बोलले, पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा बोलले असते; पण निदान एकदा त्यांनी म्हणायला हवं होतं, नाही पोरी, तुला येत होतं. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे सांगायला कुणी उरलं नाही म्हणून इथं लिहिते. मला तो पेपर सगळा येत होता.